बत्तीस गाण्यांखाली

जव्हारच्या आठवडी बाजारात, सुकट विकणाऱ्या बायका आणि बांगड्यांची हातगाडी यांच्यामध्ये एक पांढरी गाडी उभी राहायला लागून आता दोन वर्षं झाली होती. दारावर ‘अवशेषवाचन केंद्र’ अशी पाटी होती. लोक तिला उकरणी म्हणत. यंत्रातून पुसून टाकलेलं ती उकरून काढायची, म्हणून उकरणी. जुने फोन, पेन ड्राइव्ह, नखाएवढी मेमरी कार्डं रुमालात बांधून लोक सकाळपासून रांग लावत.

“पुसलेलं पुसलेलंच बरं असतं हो,” रांगेत पुढे उभी असलेली बाई मागे वळून म्हणाली. “आम्ही थोरल्या दिरांचा फोन उकरला. लग्नाचे फोटो मिळतील म्हणून. फोटो मिळाले, आणि आधी ज्या मुलीला शब्द दिला होता तिची पत्रंही मिळाली. जाऊ माहेरी जाऊन बसलीय. साठाव्या वर्षी!”

चैती पागी खळखळून हसली. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या वृषाली खांबेटे हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधला हात बाहेर काढला नाही. त्या हातात एक निळी डबी होती.

काडेपेटीहून जरा मोठी, कोपऱ्यावरचा रंग उडालेली, मधोमध गोल बटण आणि वर दोन ओळींचा पडदा. सदतीस वर्षांपूर्वी भावाने दिलेलं गाणी ऐकायचं खेळणं. त्या काळी त्याला एमपीथ्री प्लेअर म्हणत. आता लोकांच्या कानात मणी असतात आणि ते नाडीचा ठोका बघून आपणच गाणं निवडतात. खांबेटे बाई मात्र अजून वायर कानात घालून अंगठ्याने बटण दाबत. त्यात बत्तीस गाणी होती. तेहतिसावं त्यांनी कधी भरलं नाही. शाळेतली पोरं त्यावरून चिडवायची, “बाईंना बत्तिसापुढे मोजता येत नाही.”

“बाई, एवढी घाबरी का झालीस?” चैतीने विचारलं. तिच्या पाड्यावर लहानथोर सगळ्यांना ‘तू’ म्हणायची रीत होती. शाळेच्या बाईही त्यातून सुटल्या नव्हत्या. “पाणी लागलेलं पण वाचतात म्हणे. माझ्या मनीनं सांगितलं. तुझ्या डबीत माझी आई बसलीय. आज उठवू तिला.”

चैतीची आई बुधी ही कुंडाच्या पाड्याची धवलेरी. तिथे लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते, गाऊन. दोन दिवस चालणारं ते गाणं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि लग्नाविना ते तोंडातून काढायचं नाही, असा बुधीचा नेम होता. २००९च्या वैशाखात तिला श्वास पुरेनासा झाला, तेव्हा सत्तावीस वर्षांच्या खांबेटे बाईंनी डबीतलं ध्वनिमुद्रण सुरू करून ती मांडवाच्या खांबाला बांधली. अकरा भाग झाले. “चैतीला दे,” बुधी म्हणाली होती. “ऐकून ऐकून शिकेल.”

ते चैतीपर्यंत पोचलं नाही. डबी पाण्याच्या हंड्यात पडली, सगळं गेलं, असं बाईंनी सांगितलं. बुधी त्याच वर्षी भाद्रपदात गेली. चैतीला पहिल्या दिवसाचं गाणं येत होतं, दुसऱ्या दिवसाचं अर्धवट. मग पाड्यावरची लग्नं दुसऱ्या गावची धवलेरी आणून लागू लागली. तीही गेली. आता येत्या वैशाखात चैतीच्याच मुलीचं, मनालीचं लग्न होतं, आणि ते चैतीला स्वतः लावायचं होतं.

उकरणी चालवणारी मनालीच होती. बाईंच्या हाताखाली पहिली ते चौथी शिकलेली, मग नाशकात अभियांत्रिकी केलेली. तिने डबी पांढऱ्या तबकात ठेवली आणि वरून काचेचं झाकण उतरवलं.

“अर्धा तास लागेल.”

“मग मी चहा घेऊन येते,” म्हणत चैती खाली उतरली.

पडद्यावर राखाडी ठिपके उमटू लागले. बाईंचं लक्ष नाही असं पाहून मनाली आपणहून बोलली. “तुम्ही पाटी पुसायला लावायचात ना, बाई? आणि तिरप्या उन्हात धरली की कालचा पाढा दिसायचा? तसंच आहे हे. प्रत्येक खूण म्हणजे एका बारीक कप्प्यात कोंडलेली वीज. पुसलं की कप्पा रिकामा होतो, पण भिंतीत थोडी वीज अडकून राहते. तेवढी मोजायची.”

“आणि त्या कप्प्यात मागाहून दुसरं काही भरलं असेल तर?”

“मग संपलं. म्हणून तर मी सगळ्यांना सांगते, आता त्यात काही भरू नका.”

हेच वाक्य बाईंनी एकदा ऐकलं होतं. नाशिकच्या एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं, बुधी गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात. तेव्हापासून त्यांनी डबीत एकही गाणं भरलं नव्हतं. लोकांना वाटे, बाईंना जुन्याची हौस. ती बत्तीस गाणी त्यांना केव्हाच नकोशी झाली होती. तरी रोज संध्याकाळी त्या ती ऐकत. एखादीने उंबऱ्यावर बसून दुखरा दात जिभेने चाचपावा, तसं.

यंत्र थांबलं. मनालीने पडद्यावरचं पान वर सरकवलं, थांबली, पुन्हा खाली आणलं.

“बाई, पाणी लागल्याची खूणच नाही यात.”

बाईंनी पर्सची चेन लावली.

“चोवीस मे दोन हजार नऊ. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं ते तीन वाजून चौदा. हाताने पुसलेत. एकेक करून.”

“हो.”

“का?”

“पुण्याला मावसबहिणीच्या लग्नाला निघाले होते. बसचा लांबचा प्रवास. भावाच्या संगणकावर नवी गाणी होती. डबी म्हणाली, जागा शिल्लक नाही.” बाईंचा आवाज वर्गात हजेरी घेतात तसा सपाट होता. “वाटलं, बुधी दरवर्षी तर गातेच. पुढच्या वैशाखात परत घेऊ.”

मनाली हलक्या आवाजात म्हणाली, “सात भाग निघालेत. चार गेले, त्यांच्यावर गाणी आहेत. आणि बाई, तुमच्या बत्तीस गाण्यांना तेवढी चारांचीच जागा पुरली. बाकीचे सात...”

“उगाच पुसले.”

“हं.”

बाहेर सुकटवालीचा भाव ओरडण्याचा आवाज येत होता. मनालीने एक खूण दाबली. तारखांचं पान पडद्यावरून गेलं.

“आईला हे द्यायलाच हवं असं नाही,” ती म्हणाली. “मी फक्त आवाज देते. ती इतकी खूश होईल, बाकी काही विचारणारच नाही. तुम्ही मला अक्षर शिकवलंत, बाई. माझ्याकडून एवढं घ्या.”

बाईंना वाटलं, घ्यावं. चौसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या. आता हे सांगून कुणाचं काय भलं होणार होतं? आणि त्याच क्षणी त्यांना कळलं, की हंड्याची गोष्ट सांगतानाही आपण हेच म्हणालो होतो.

चैती तीन कप सांभाळत आत आली. “निघाली का आई?”

“निघाली,” बाई म्हणाल्या. “पण आधी आवाज नको. मने, ते पान लाव परत.”

आवाज आधी ऐकवला तर चैती रडेल, आणि रडणाऱ्या माणसाची माफी फार स्वस्तात मिळते, एवढं बाईंना ठाऊक होतं. त्यांनी चष्मा लावला आणि तारीख, वेळ, एक ते अकरा भाग, सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, “हंडा खोटा होता, चैती. मी पुसलं. गाण्यांसाठी.”

चैतीने कप खाली ठेवले. ती रडली नाही, ओरडलीही नाही. “मने, लाव,” एवढंच म्हणाली.

गाडीत खरखर भरली. त्या खरखरीतून एक म्हातारा, रुंद आवाज चालत आला, जणू कुणी कोरड्या पाचोळ्यावरून येतंय. दोन कडवी झाली. मग गाणं थांबलं, खोकल्याची उबळ आली आणि बुधी म्हणाली, “चैते, पाणी दे गं.”

चैतीचा हात आपोआप चहाच्या कपाकडे गेला आणि तिथेच राहिला.

तिने सातही भाग ऐकले. शेवटी मनालीने सांगितलं, की या सातांवरून यंत्र उरलेले चार रचून देऊ शकतं. आजीच्याच आवाजात. फरक कळायचा नाही.

“आईनं न म्हटलेलं आईच्या तोंडात घालायचं?” चैती म्हणाली. “नको. तिथं आलं की मी गप राहीन. तुझ्या लग्नात चार वेळा गप राहीन.” मग तिने बाईंसमोर तळवा पसरला. “त्या चारांवर काय आहे, ते ऐकव.”

“नको गं. ते ऐकून काय करणार तू?”

“ऐकव.”

बाईंनी वायर तिच्या हातात दिली. न बघता अंगठ्याने सातवं गाणं लावलं. चैतीने दोन्ही कानांत बोंडं खोचली आणि खाली मान घालून ऐकू लागली. एकदा तिच्या पायाने ताल धरला, मग पाय थांबला. चहावर साय आली. गाणं संपेपर्यंत बाई उभ्याच होत्या. शिक्षा झालेल्या मुलासारख्या, हात बाजूला सोडून.

चैतीने बोंडं काढली. वायर नीट गुंडाळून डबीभोवती बांधली आणि डबी बाईंच्या हातात ठेवली.

“चांगलं आहे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. “पण बाई, हे गाणं तर तेव्हा एसटी स्टँडवर, पानाच्या टपरीवर, सगळीकडंच वाजायचं ना?”