गाडी मागे येत नाही

"गाडी जरा मागे घेता का? ॲम्ब्युलन्सला वळायला जागा नाही."

"मागे येत नाही," मी म्हणाले.

"कोण येत नाही?"

"गाडी."

आमचं पहिलं बोलणं सुरू झालं ते असं. हॉस्पिटलच्या भिंतीला नाक लावून आमची जुनी निळी गाडी उभी होती. मी बाह्या वर सारून, बॉनेटवर दोन्ही हात टेकून ती मागे ढकलत होते, आणि ती बोटभरही हलायला तयार नव्हती. आत नुकतीच डायलिसिसवरून सुटलेली आई स्टीअरिंग धरून बसली होती. चेहरा असा की जणू घाटच उतरतेय.

विचारणाऱ्याचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. पिठात घातल्यासारखे. चष्म्याची एक काडी मोडलेली, आणि तिच्यावर चक्क प्लास्टरची पट्टी गुंडाळलेली. त्याने आत वाकून आईकडे पाहिलं आणि पुढचे प्रश्न गिळून टाकले.

"तुम्ही आत बसा. मी ढकलतो."

"नको. जमेल मला."

"जमेल हो… पण अंधार पडेल."

आईने काच खाली केली. "ढकलू दे गं त्याला. मी आत्ताच दोन किलो पाणी काढून हलकी होऊन आलेय."

मी आत बसले. मला फार राग आला होता. त्याचा, आईचा, गाडीचा, सगळ्यांचाच. कोणाचे उपकार घ्यायची मला सवय नाही, आणि ती लावून घ्यायची इच्छाही नव्हती.

झालं होतं असं, की महिन्याभरापूर्वी आमच्या मेकॅनिकने गाडीखालून बाहेर येत हात पुसले होते. रिव्हर्सचे दात गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असं म्हणून त्याने जो आकडा सांगितला तो माझा चार महिन्यांचा पगार होता. गाडी विकली असती तरी तेवढे आले नसते.

"पुढचे गिअर किती दिवस चालतील?" मी विचारलं.

"चालतील तेवढे चालतील," तो म्हणाला. खोटं बोलणाऱ्यांतला तो नव्हता.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. आईला आठवड्यातून तीनदा मशीनवर न्यायचं म्हणजे न्यायचंच. त्यात आज कंटाळा आला, उद्या बघू, असं चालत नाही. टॅक्सीने ये-जा केली तर औषधांना काही उरलं नसतं. म्हणजे गाडी चालायलाच हवी होती, मग ती एकाच दिशेने का होईना.

मी रिव्हर्सशिवाय जगायला शिकले. घरी उताराच्या तोंडाशी गाडी लावायची. दुकानापाशी छापखान्याच्या दाराशेजारी, कारण तिथे पुढे कोणी गाडी लावत नाही. कुठली गल्ली पुढे बंद आहे, कुठे एका दमात वळता येतं, सगळं मला पाठ झालं होतं. अडायचं ते फक्त हॉस्पिटलला. तिथे पेशंटच्या गाड्या भिंतीकडे तोंड करूनच लावाव्या लागत.

त्या दिवसापासून संध्याकाळी साडेपाचला तो प्लास्टररूममधून बाहेर यायचा, ढकलायचा आणि निघून जायचा. मोडलेली हाडं जागेवर बसवून त्यांना प्लास्टर लावणं हे त्याचं काम. आई त्याला तोंडावरच 'पांढरे हात' म्हणायला लागली.

आता एक गोष्ट सांगते, जी मला आधी कधी सुचली नव्हती. गाडी पुढे ढकलणारा माणूस मागे राहतो. त्याचं तोंड दिसत नाही. पण मागे ढकलणाऱ्याला समोर उभं राहावं लागतं. काचेपलीकडे, हातभर अंतरावर. मी स्टीअरिंग धरलेलं, त्याचे तळवे बॉनेटवर, आणि मध्ये नजर ठेवायला दुसरी जागाच नाही. पहिले काही दिवस मी आरशात बघत राहिले. गाडी मागे जाते तेव्हा आरशात बघावंच लागतं, तसा दोष माझा नव्हता. पण एकदा भुरभुर पाऊस होता. काच धूसर झाली, वायपर एकदा फिरला, आणि त्याचा चेहरा एकदम स्वच्छ समोर आला. कपाळावरून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता… मी ब्रेक दाबायला विसरले. मागच्या कुंडीला धक्का लागला.

"लक्ष कुठे होतं?" आईने विचारलं.

"आरशात," मी म्हणाले.

आईने 'बरं' म्हटलं. तिचं 'बरं' मला लहानपणापासून ठाऊक आहे.

घरी गेल्यावर बॉनेटवर दोन पांढरे तळवे उमटलेले असत. मी दर रविवारी गाडी धुते. त्या रविवारी बॉनेट सोडून बाकीची धुतली.

एकदा त्याचा चष्मा मी मागून घेतला.

"फ्रॅक्चर आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "सहा आठवडे प्लास्टर काढायचं नाही."

"डॉक्टर कोण?"

"मीच."

"म्हणून असं बसवलंय. द्या इकडे, परवा आणते."

"मग परवापर्यंत मला दिसायचं कसं?"

"काय बघायचंय एवढं?"

त्याने चष्मा काढून माझ्या हातात दिला. दुकानात मी त्या चष्म्याला नवी काडी बसवली, काचा पुसल्या, आणि कोणी बघत नाही असं पाहून तो स्वतःच्या डोळ्यांवर लावला. सगळं दुकान धुरकट दिसलं. एवढ्या कमी नजरेचा माणूस दर खेपेला आमची गाडी लांबून कशी ओळखतो, याचं मला नवल वाटलं. फार बरंही वाटलं.

हे सगळं खरं, पण भीती होतीच. गिअर टाकताना करकर वाढत चालली होती. आई शेजारी डोळे मिटून पडलेली असायची, तिचा हात सुजलेला, आणि मी मनात म्हणायचे, आजचा दिवस चल, एवढाच चल.

मग मेकॅनिकचा फोन आला. अशाच एका गाडीला मागून ठोकर बसून ती भंगारात निघाली होती. तिचा गिअरबॉक्स शाबूत होता, निम्म्या किमतीत मिळत होता. पंधरा दिवस मेकॅनिक तो आमच्यासाठी ठेवणार होता. निम्मेसुद्धा माझ्याकडे नव्हते. मी ते कोणाला सांगितलं नाही. आईने सांगितलं.

दुसऱ्याच खेपेला तो ढकलायच्या आधी माझ्या खिडकीशी आला. "मी मोटरसायकलसाठी थोडे साठवलेत. सध्या पडूनच आहेत. तो गिअरबॉक्स…"

"मी मागितले होते?"

"नाही."

"मग?"

"मला वाटलं…"

"मोडलेलं जोडायची तुम्हाला सवय आहे, ते ठीक. मी मोडलेली नाहीये."

वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं, हे परत घेता यायचं नाही. तो बॉनेटपाशी गेला. गाडी भिंतीलाच लागलेली होती, त्यामुळे ढकलणं त्याला चुकलं नाही. पण त्या दिवशी त्याने मान खाली घालून ढकललं. मी सगळा वेळ समोर बघत होते आणि मला फक्त त्याचे केस दिसत होते.

पुढच्या खेपेला मी भिंतीकडे गेलेच नाही. इमारतीच्या कडेने एक बोळ मागे जातो. त्या बोळात, वॉचमनकाकांना सांगून, एका बाजूला गाडी लावली. साडेपाचला तो बाहेर आला आणि सवयीने आमच्या भिंतीशी गेला. तिथे कोणीच नव्हतं. मग त्याने वळून पाहिलं. मी पहिला गिअर टाकला, करकर झाली, आणि गाडी सरळ पुढे, धुलाईखान्यावरून, मागच्या गेटने रस्त्यावर. आरशात तो दिसत होता. हात किंचित पुढे आलेले, तसेच थांबलेले.

रस्त्याला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले.

"ही वाट कधी सापडली तुला?" आईने विचारलं.

मी सिग्नलकडे बघत राहिले. समोरून आत गेलेली ॲम्ब्युलन्स समोरून कधीच परत येत नाही, बोळात वळून मागच्या गेटने निघते, हे मी केव्हाच पाहिलं होतं.

"दुसऱ्या आठवड्यात," मी म्हणाले.

"मला पहिल्याच. वॉचमनने सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

सिग्नल सुटला तरी मला कळलं नाही. जो माणूस तिथे आठ वर्षं नोकरी करत होता, त्याला ते गेट माहीत नसणार थोडंच होतं? इतके दिवस तिघंही गप्प बसलो होतो. आणि रागाच्या भरात त्या गेटने निघून मीच त्याला सांगून आले होते की मला कधीच कोणी ढकलायला नको होतं. हवा होता तो.

त्या रात्री मी आईशेजारी झोपले आणि रडले. ती जागी होती. तिने फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला.

नंतरच्या खेपेला मी पुन्हा बोळातच गाडी लावली. भिंतीकडे जायला तोंड नव्हतं. आईचं झालं, तिला शेजारी बसवलं, गाडी सुरू केली, गिअर टाकला. काही झालं नाही. पुन्हा टाकला. दांडा हातात नुसता खुळखुळला. पहिला, दुसरा, तिसरा, कशालाच काही लागत नव्हतं. मागे कपड्यांचा टेम्पो येऊन थांबला होता आणि हॉर्न वाजवत होता.

आई म्हणाली, "संपलं का गं?"

मी मान हलवली.

कोणीतरी काचेवर टकटक केलं. पांढरं बोट होतं.

"गिअर?" त्याने विचारलं.

"सगळेच गेले."

तो गाडीच्या मागे गेला. मी खाली उतरले. आई कशीबशी माझ्या जागेवर सरकली. शाळेत गणित शिकवत होती तोवर ही गाडी तिनेच चालवली होती. मी सांगायच्या आधीच तिने स्टीअरिंग धरलं.

मी मागे जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.

"तुम्ही आत बसा," तो म्हणाला.

"नको. मला इथे उभं राहायचंय."

आम्ही ढकलायला लागलो. गाडी हळूहळू हलली.

"वाट माहीत होती तुम्हाला," तो डिकीकडे बघत म्हणाला.

"तुम्हालाही."

"मला आठ वर्षांपासून."

"मग सांगितली का नाही?"

"सांगितली असती तर तुम्ही गेला असता."

गाडी चार पावलं पुढे सरकली.

"त्या दिवशी मी फार लागेल असं बोलले."

"लागलं," तो म्हणाला.

"मला मागता येत नाही हो… परवा आईला इथे कसं आणायचं, मला माहीत नाही. मला भीती वाटते. तुम्ही असलात की कमी वाटते. एवढंच सांगायचं होतं. म्हणजे… एवढंच नाही."

"मग?"

"तुम्ही मला आवडता. गाडी नीट असती तरी आवडला असता."

त्याचे हात थांबले. गाडीही थांबली. मागे टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"मी मोटरसायकल घेणार नाहीये," तो म्हणाला.

"माझ्यासाठी नको. खरंच नको."

"तुमच्यासाठी नाही. मोटरसायकलवर तिघं बसत नाहीत."

मी मनातल्या मनात तिघं मोजले. पुन्हा मोजले. डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

"पैसे घेईन," मी म्हणाले. "पण उपकार म्हणून नाही. निम्मे तुमचे, निम्मे मी मेकॅनिकला हप्त्याने देईन. आणि कागदांवर तुमचंही नाव लावीन."

"फक्त गाडीच्याच कागदांवर?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मी बसवलेली काडी त्याच्या कानामागे नीट बसली होती. दोघं शेजारी उभे असले की पुढे ढकलतानाही चेहरा दिसतो.

"आधी गाडीच्या," मी म्हणाले. "मग बघू."

टेम्पोचा हॉर्न परत वाजला. पुढच्या खिडकीतून आईचा थकलेला, पण शाळेतलाच आवाज आला.

"बोलून झालं असेल तर ढकला. माझे हात भरून आलेत."

आम्ही ढकलायला लागलो.