प्रोग्राममधली शेवटची ओळ

पळस्पे नाक्यावर कीर्ती रिक्षाची वाट पाहत होती. ऊन मी म्हणत होतं, आणि तिच्या हातावर जाड लोकरीचा स्वेटर!

"पनवेलला बर्फ पडायला लागला वाटतं?" शेजारून एका तरुणाचा आवाज आला. पाठीला बॅग, कपाळावर घाम, ओठांच्या कोपऱ्यात हसू...

"पडतो. नशिबात असेल त्याला दिसतो," म्हणत कीर्ती रिक्षात बसली.

थोड्या वेळाने तोच तरुण मासळीच्या शीतगोदामात, तिच्याच सर्व्हर रूममध्ये कुडकुडत होता. तिथला एसी यंत्रांसाठी होता, माणसांसाठी नव्हे. त्याचं नाव निनाद. सिस्टिमचं अपग्रेड करायला पुण्याहून आलेला.

"दिसला बर्फ?" कीर्तीने विचारलं, आणि स्वेटर त्याच्या खांद्यावर टाकला. बाह्यांवर पांढरी फुलं होती. त्याने तो निमूट घातला.

उरणच्या कोळीवाड्यातली ही पोर गोदामाची सिस्टिम एकटी सांभाळायची. सिस्टिमच्या कमांड येतात त्या ठरलेल्या सवयी घेऊनच. छाप म्हटलं की अमुक प्रिंटर, पुस म्हटलं की न विचारता पुसणार. या सवयी, म्हणजे डिफॉल्ट, कीर्तीने गोदामाच्या सोयीने बदलल्या होत्या. पण अपग्रेड झालं की कमांड पुन्हा कोऱ्या होऊन येतात, आपण लावलेलं सगळं विसरून. म्हणून प्रत्येक बदल तिने एका प्रोग्राममध्ये लिहून ठेवला होता. अपग्रेडनंतर तो चालवला की सवयी परत.

"जुन्या कमांडच उचलून परत का नाही टाकत?" निनादने मुद्दाम विचारलं.

"मग नव्या कमांडमधलं नवं काही मिळणार नाही. ती नवीच घ्यायची. आपली सवय तेवढी लावायची."

"हे समजावून समजावून माझा घसा सुकलाय," तो हसला. "आणि इथे कुणीतरी आधीच करून ठेवलंय!"

त्या हसण्यात आठवडा कसा सरला, कळलं नाही. कीर्तीच्या मनात मात्र एकच टोचणी — रविवारी अपग्रेड, मग हा पुढच्या गावाला... आणि आपण?

रविवारी अपग्रेड झालं. प्रोग्राम चालला. आणि खालून मुकादम काशिराम ओरडला, "कीर्ते, लेबलं कुठं गेली गो? बंदराची गाडी उभी हाय!"

सुरमईच्या खोक्यांची लेबलं वरच्या मजल्यावर, मॅनेजर उदयसिंहांच्या केबिनमध्ये छापून पडत होती. कीर्तीचा चेहरा उतरला. मागच्या हंगामात घाईघाईत लेबलांच्या प्रिंटरचा तो एक डिफॉल्ट तिने हातानेच बदलला होता...

"मीच इसरले रे... ती ओळ लिवलीच नाय!"

घाबरल्यावर घरची बोली अशी बाहेर आली. निनादने अपग्रेडआधीचे डिफॉल्ट आणि आताचे शेजारी शेजारी उघडले, फरक दाखवला आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "तूच लाव. सिस्टिम तुझी आहे."

खाली लेबलं सुरू झाली, तेवढ्यात उदयसिंह आलेच. "माझ्या केबिनमध्ये सुरमई कुणी पाठवली?"

"एक तपासणी आमच्याकडून राहिली होती, सर," निनाद शांतपणे म्हणाला. "झालं आता."

आमच्याकडून! कीर्तीने खाली मान घातली. चूक वाटून घेणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

संध्याकाळी त्याने बॅग भरली. स्वेटर काढून घडी घालू लागला.

"नवं गाव आलं की मागचं सगळं पुसलं जात असेल ना?" कीर्तीने विचारलं... अगदी हळू.

"इतके दिवस जायचं."

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. सिस्टिम अडली की निरोप पाठवणारी कमांड. कुणाला पाठवायचा, तिथे हेल्प डेस्क असायचं. आता होतं — निनाद.

निनाद स्क्रीनकडे वाकला. "हे... हातानेच बदललंस?"

"नाय."

तिने प्रोग्राम उघडला. लेबलांच्या ओळीखाली, अगदी शेवटी, ती ओळ होती. "पुढच्या अपग्रेडनंतरही राहील."

"आणि सिस्टिम अडलीच नाही तर?"

"तर उरणला यायचं. येत्या रविवारी, जेवायला. आईला सांगितलंय मी."

निनादने घातलेली घडी पुन्हा मोडली.

नाक्यावर रिक्षावाल्याने त्याच्या बाह्यांवरची पांढरी फुलं न्याहाळली. "काय साहेब, पनवेलला बर्फ पडतो काय?"

"पडतो," घाम पुसत निनाद म्हणाला. "पुण्याची गाडी कुठे लागते? आणि... रविवारी उरणला जायला इथूनच मिळेल ना?"