गुडघ्याला गुडघा

तीन दिवस! नवरा गेलेल्या बाईला सावरायला तीन दिवसांची रजा पुरते, हे कुणी ठरवलं, साहेब? नियम लिहिला तेव्हा तुमच्या घरातलं कुणी गेलेलं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. चौथ्या दिवशी ती कवळ्या बनवायच्या टेबलाशी हजर होती. परक्यांच्या तोंडचे दात घासत होती, स्वतःचे ओठ मिटून.

वर्ष उलटलं. शेवटी नणंदेनेच तिला लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये नेलं.

"वहिनी, दादा गेला. तू नाही गेलीस. जोडीने नाचायचा क्लास आहे, तुझं नाव घातलंय. आता तोंड वाकडं करू नकोस."

खालच्या इस्त्र्यांमुळे हॉलची फरशी कोमट असायची. शिक्षिकेने तिला एका धिप्पाड बसड्रायव्हरसमोर उभं केलं. त्याने अलगद तिच्या पाठीवर हात ठेवला... आणि तिने काय करावं? गुडघा त्याच्या गुडघ्याला लावला, दोन्ही हात त्याच्या काखेत घातले आणि त्याला चक्क उचलायला गेली!

"अहो, अहो... मला कुठे नेऊन ठेवताय?"

सगळा हॉल हसला. तिचे कान तापले. "सवय आहे," ती पुटपुटली.

"माणसं उचलायची?"

"तुम्ही पावलं मोजा."

पुढच्या बुधवारी तोच जोडीला.

"तुमचा वरचा एक दात जरा पुढे आहे," ती म्हणाली.

"मी हसलो की तुम्ही दात बघता?"

"धंदाच आहे माझा."

"असं होय... मला वाटलं, हसू बघताय."

तिचं पाऊल चुकलं.

"आणि अंग सोडा हो जरा! माझ्या बसमध्ये असतात काही जण, बसल्या जागी ब्रेक दाबणारे. तुम्ही अगदी त्यातल्या."

"घरी बायकोलाही असंच बोलता?"

"घरी आई आहे. बोलायचं काम तिच्याकडे." त्याने दोन पावलं मोजली. "बायको नाही. झालीच नाही."

चौथ्या बुधवारी दोघं लवकर आले. हॉल रिकामा. त्याने विचारलंच, "ती सवय... कुणामुळे?"

तिने सांगितलं. नवऱ्याचं अर्धं अंग गेलं होतं. चार वर्षं पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. गुडघ्याला गुडघा, काखेत हात, एक, दोन, तीन— वळायचं, बसवायचं.

"दर वेळी तो डोळे मिटून घ्यायचा," ती म्हणाली. "मी धसमुसळी आहे. त्याला दुखत असणार... नाहीतर लाज वाटत असणार. मी कधी विचारलं नाही. आता कुणाला विचारू?"

ड्रायव्हरने दोन खुर्च्या शेजारी ओढल्या. "बसा. आता मी उचलतो. कसं ते तुम्ही सांगा."

"वेडे आहात का?"

"सांगा तर."

ती बसली. गुडघ्याला गुडघा. काखेत हात. एक... दोन... तिचा सगळा भार सुटला. तीन— आणि ती हवेत वळली, सावकाश. त्याच्या शर्टाला साबणाचा वास होता. पडायची भीती कुठेच नव्हती.

दुसऱ्या खुर्चीत टेकल्यावर तिला कळलं, आपले डोळे मिटलेले आहेत.

ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा, हमसून हमसून. "त्याला दुखत नव्हतं हो... त्याला दुखत नव्हतं!"

तो खुर्चीशी उकिडवा बसून राहिला. पाठदुखीचा माणूस, पण हलला नाही.

त्या दिवशी ती नाचली. ब्रेक न दाबता. आपल्याला कुणीतरी नेतंय, हे तिच्या पावलांना आवडलं.

क्लास सुटल्यावर तो जिन्यात घुटमळला. "म्हणजे... तुमची हरकत नसेल, तर कधीतरी... बुधवार सोडून... म्हणजे तसं काही नाही, पण—"

"पुरे! चार वर्षं डॉक्टरांचं गोलगोल बोलणं ऐकलंय मी." तिने कठडा घट्ट धरला. "मला तुम्ही आवडता. नवराही आवडतो, अजून. त्याला मी मनातून काढणार नाही. हे दोन्ही झेपणार असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही म्हणा. पण आत्ता, या पायरीवर. बोला... हो की नाही?"