आणि पाठ?

सरावाच्या वर्गात शिकवायच्या बाहुल्याची मान मोडली नसती, तर आमची गाठच पडली नसती.

"मी झोपतो जखमी म्हणून," मागच्या बाकावरून आवाज आला. उंच, पावसात भिजून आलेला, अँब्युलन्सवरचा डॉक्टर... बिनदिक्कत आडवा झालासुद्धा!

मी अपघात विभागातली नर्स. ट्रॉमाच्या परीक्षेत लेखीला शंभरात ऐंशी लागत. ते मिळाले होते. पण प्रात्यक्षिकात महत्त्वाची एक पायरी चुकली, की थेट नापास. मी जखमीला कुशीवर वळवून पाठ तपासायची विसरले होते. आता शेवटची संधी. ती हुकली, की विभागातून उचलबांगडी ठरलेली.

"नाव काय तुमचं?" मी नियमाप्रमाणे विचारलं. जखमी बोलला, म्हणजे श्वासाचा मार्ग मोकळा.

"पास झालात की सांगतो."

"मार्ग मोकळा आहे... जरा जास्तच!"

छाती, पोट, हातपाय तपासले. "झालं!"

"आणि पाठ?" डोळे मिटूनच तो पुटपुटला. "मेलो ना मी, बाई!"

पुढचे दोन दिवस तोच जखमी, तीच चूक. चौथ्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी त्याची मान स्थिर धरली, वर्गातल्या मैत्रिणीनं कंबर, आणि मी त्याला वळवलं. शर्टावर चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी — 'चार दिवस वाट बघतोय. चहा घ्याल?'

मैत्रीण खुदकन हसली.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

"काही... काही नाही, सर."

परीक्षेत जखमी म्हणून कुणी टक्कल पडलेले काका होते. "झालं" म्हणणार, तोच चिठ्ठी आठवली. काकांना वळवलं. पाठ कोरी होती — पण मी पास झाले!

तो दाराबाहेर पाठमोरा उभा होता.

"आज चिठ्ठी नाही?"

"आज तोंडानं विचारणार होतो... पण घसाच सुकलाय."

"मग आधी नाव सांगा. श्वास तपासू दे."

चार वर्षं झाली. प्रमाणपत्राची मुदत संपत आली. पुन्हा तीच परीक्षा. लेक पलंगाच्या कडेला सरकली तरी माझा जीव खालीवर होतो, त्यात अभ्यास कसला डोंबलाचा! काल हा सतरंजीवर आडवा झाला, दीड वर्षाची लेक शेजारी. छाती, पोट, हातपाय... माझं अर्धं लक्ष तिच्या तोंडात जाणाऱ्या बटणाकडे. ते काढून घेतलं आणि म्हणाले, "झालं."

"आणि पाठ?"

लेकीला कडेवर घेऊन एका हातानं मी त्याला वळवलं. चिठ्ठी होती. हरवली म्हणून मी घरभर शोधलेली, तीच... पिवळी पडलेली. चिकटपट्टी तेवढी नवी.