आंबलेल्या टाकीचं प्रकरण

आदर्श नगरात आसावरीबाईंच्या टेबलाशी बसून चौथी आंबोळी संपवताना मुकुंदरावांना कल्पना नव्हती, की एका प्रकरणाचा पुरावा याच घरात आहे.

"आज नाही जमल्या," आसावरीबाई म्हणाल्या. मूळच्या रत्नागिरीच्या. यजमानांच्या बदलीबरोबर जयपूरला आल्या. यजमान गेले, त्या राहिल्या. "पंधरवड्यापूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या बायकांना केल्या होत्या, काय जाळी पडली होती! केळ्याचा वास येतो म्हणाल्या. मी केळं घातलंच नव्हतं हो."

मग त्यांनी अलकाताईंच्या हातात विरजणाची वाटी दिली. "सव्वीस वर्षं चालू आहे. नियम एकच. आंबवणाचं भांडं रिकामं पडू द्यायचं नाही. जेवढं काढाल तेवढं परत घालायचं."

अलकाताई खासगी तपासाची कामं घेत. वीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडल्यावर घरी बसून भाजी निवडणं त्यांना जमेना. बँकेतून निवृत्त झालेले मुकुंदराव त्यांचे पती आणि सहायक. दोन्ही पदांवर त्यांचं मत विचारात घेतलं जात नसे.

जिन्यात आसावरीबाईंच्या मुलाने, निलयने, दोघांना गाठलं.

"काकू, प्लीज, एक काम आहे. आईसमोर बोलता येत नाही. तिला वाटतं मी फूड टेक्नॉलॉजीत आहे."

"आणि?"

"मी बिअर बनवतो."

"मग फूड टेक्नॉलॉजीतच आहेस की," मुकुंदराव उत्साहाने म्हणाले.

सी-स्कीम भागातल्या एका ब्रू-पबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या बारमध्ये, निलयने पंधरवड्यापूर्वी गव्हाच्या बिअरच्या दोन टाक्या एकाच दिवशी लावल्या होत्या. पहिली फक्कड उतरली, दुसरी आंबली. प्रयोगशाळेचा निर्वाळा आला: दह्यातले जंतू. मालक शेखावतांनी लगेच तंदूर सांभाळणाऱ्या संग्रामकडे बोट दाखवलं. दही त्याच्या ताब्यात, आणि निलयशी त्याचं रोजचं भांडण.

"आज सहाला त्याला काढणार," निलय म्हणाला. "असं नाव खराब झालं तर शहरातलं एकही किचन त्याला घेणार नाही. मतलब, भांडतो आम्ही, पण हे त्याचं काम नाही."

दुपारी पब रिकामा होता. मुकुंदरावांनी तपासासाठी पहिल्या टाकीतला ग्लास घेतला.

"याला केळ्याचा वास कसा रे?"

"यीस्टचा, काका. या बिअरच्या यीस्टला तो सुटतोच. केळं नसतं त्यात."

दुसऱ्या टाकीचा घोट घेऊन मुकुंदरावांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

साताऱ्याचा संग्राम हात पुसत आला. "मॅडम, मारायचंच असतं तर निलयला मारला असता. बिअरनं माझं काय घोडं मारलंय? आन् टाक्या लावल्या तवा मी भावाच्या लग्नाला गावी होतो. हप्त्यानं आलो."

अलकाताईंनी निलयची नोंदवही उघडली. दुसऱ्या टाकीचा आंबटपणा तिसऱ्याच दिवशी चढला होता.

"यीस्ट एकच होतं?"

"एकाच लॉटचं. आमचा फ्रीज बिघडला, म्हणून दोन दिवस एक बरणी इथल्या किचनमध्ये ठेवली, एक घरी नेली. किचनची पहिल्या टाकीत घातली, घरची दुसऱ्या."

दोन गल्ल्या पलीकडे दुसरी ब्रूअरी होती; निलय दोघांना तिथे घेऊन गेला. तिथली हर्षाली पूर्वी निलयच्या हाताखाली शिकलेली, आता त्याची प्रतिस्पर्धी.

"दही ओतायला झाकण उघडावं लागतं," ती म्हणाली. "यीस्ट घातलं की शेखावतजी स्वतः झाकणाला सील लावतात. तुटलंय?"

"शाबूत आहे," निलय म्हणाला.

"मग? आणि मी केलं असतं तर दोन्ही टाक्या गेल्या असत्या. अर्धवट काम मी करत नाही."

"हिनेच केलं," बाहेर पडल्यावर मुकुंदराव म्हणाले. "तपास पुरा व्हायला अजून एखादा बार..."

"अहो, बार पुरे. आंबोळ्यांकडे चला."

साडेपाचला अलकाताई परतल्या त्या आसावरीबाईंना घेऊन. पदर सावरत त्या पबच्या दारात उभ्या राहिल्या. निलयच्या हातातला ग्लास टेबलावर कलंडला.

"सील शाबूत," अलकाताई म्हणाल्या. "संग्राम गावी. तरी तिसऱ्या दिवशी टाकी आंबट. म्हणजे जंतू यीस्टबरोबरच आत गेले, आणि तेही घरून आलेल्या बरणीतून. पण घरात कसला वैरी? मग यांनी ग्लासातल्या केळ्याच्या वासाबद्दल विचारलं."

मुकुंदराव ताठ बसले.

"त्याच दिवसांत एका घरात आंबोळ्यांना तोच वास येत होता, तोही केळ्याशिवाय. यीस्ट पिठात गेलं होतं. आणि त्या घराचा नियम आहे, जेवढं काढाल तेवढं परत घालायचं."

आसावरीबाईंनी टाकीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "बरणी माझीच होती रे. फ्रीजमध्ये दिसली, पीठ उरलंय वाटलं. अर्धं काढलं. रिकामी कशी ठेवणार? दही घातलं. सांगितलं असतंस तर हात लावला नसता."

"सांगितलं असतं तर नोकरी करू दिली असतीस?"

आसावरीबाई संग्रामसमोर गेल्या.

"माझ्या दह्यापायी तुमच्यावर आळ आला, भाऊ. विचारणाऱ्याला मी स्वतः सांगेन."

शेखावतांनी घसा खाकरला. "माताजी, बैठिए. संग्राम कुठे जात नाही."

संग्राम मान खाली घालून म्हणाला, "मावशी, जेवल्याशिवाय जायचं नाही."

रविवारी मंडळात कुणीतरी नेहमीसारखं विचारलं, निलय सध्या काय करतो?

"आंबवतो," आसावरीबाई म्हणाल्या. "माझ्यावर गेलाय."