बाई खिडकीपाशी गातात

दार उघडून आत पाऊल टाकणार, तोच खालून आवाज आला, "थांबा. चालू नका."

एक चप्पल काढलेली, एक पायात, अशी मी उंबरठ्यावरच थांबले. आमच्या बैठकीच्या खोलीत एक अनोळखी माणूस फरशीवर पालथा पडला होता. गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला आणि एक हात माझ्या दिशेने वर, वाहतूक पोलिसासारखा. सोफ्यावर बाबा श्वास रोखून बसले होते.

"काय चाललंय?" मी हळूच विचारलं.

"सुई टेकतेय," बाबा कुजबुजले. आतल्या खोलीत कुणाचं बाळंतपण चाललं असावं असा त्यांचा चेहरा होता.

बाबा औषधांच्या दुकानातून नुकतेच निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांना औषधं दिली, आता स्वतःसाठी एक आणलंय, असं आई म्हणायची. ते औषध म्हणजे हा टर्नटेबल. जाड काचेची फिरती थाळी, दगडी पाटासारखा जड पाया, आणि दोन उंच स्पीकर. पलंगाच्या पेटीत वर्षानुवर्षं पडून असलेल्या रेकॉर्ड बाबांनी एकेक करून पुसून काढल्या होत्या. हे सगळं जुळवून द्यायला टर्नटेबलच्या दुकानाने जो माणूस पाठवला, तो हा.

तो उठला, गुडघे झटकले, आणि ओठांत धरलेला स्क्रू काढून म्हणाला, "माफ करा. फरशीला जरा उतार आहे. तुमच्या पावलाने सुई उडाली असती."

"माझं वजन एवढं दिसतं?"

तो गडबडला. मग मान किंचित कलती करून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि हसला. "तसं नाही… सुई फार हलकी आहे, म्हणून."

त्या कलत्या मानेने पहिल्याच दिवशी माझा घात केला. कुणी आपल्याकडे मान वळवून, पुरतं लक्ष देऊन बघतं तेव्हा कसं वाटतं, हे मी जवळजवळ विसरले होते.

मधल्या खुर्चीत बसून, डोळे मिटून तो ऐकायचा. उठायचा, उजवा स्पीकर बोटभर पुढे सरकवायचा, पुन्हा बसायचा. कसलंही यंत्र नाही, नुसते कान. शेवटी त्याने बाबांना खुर्चीत बसवलं. "आता ऐका. बाई बरोबर तुमच्या समोर उभ्या आहेत."

एक बाई गायला लागल्या. मागे फक्त व्हायोलिन. बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि मी नजर दुसरीकडे वळवली, कारण बाबांना रडताना बघायची मला सवय नव्हती. मग माझी पाळी आली. मी बसले, डोळे मिटले. आवाज इतका खरा होता की बाईंनी घेतलेला श्वाससुद्धा कळत होता. फक्त त्या समोर नव्हत्या.

"त्या उजवीकडे आहेत," मी म्हणाले. "खिडकीपाशी."

"समोर आहेत," तो म्हणाला.

"छकुले, आपण कशाला बोलायचं?" बाबा म्हणाले. "मला तर त्या सगळीकडेच वाटतात."

आई दारात पदराला हात पुसत उभी होती. खिडकीपाशी पूर्वी तिचं शिवणयंत्र होतं, ते उजव्या स्पीकरसाठी हलवलं होतं. "खिडकीपाशीच आहे ती," आई म्हणाली. "माझ्याच जागेवर. कानामागून आली आणि तिखट झाली."

तो मोठ्याने हसला. सामान आवरताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "छकुली… तुम्ही काय करता?"

"कान तपासते. लोकांचे."

"मग तर माझी धडगत नाही."

दिवसभर मी एका बंद काचेच्या खोलीबाहेर बसून माणसांच्या कानांत बारीक बारीक आवाज सोडते आणि त्यांना कुठवर ऐकू येतं ते बघते. म्हणून त्या बाई मला स्वस्थ बसू देईनात. पुढच्या आठवड्यात मी दुकानात फोन केला. तक्रार खरी होती. पण तक्रार करायचा एवढा उत्साह मला यापूर्वी कधी आला नव्हता.

तो आला. खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि उजवा स्पीकर आणखी पुढे घेतला. आता तर बाई खिडकीतून पडतील की काय, असं झालं.

"आता?" त्याने विचारलं.

"आता त्या पडद्यामागे गेल्या."

"तुम्हाला त्या आवडत नाहीत, म्हणून तुम्ही त्यांना घराबाहेर काढताय."

"मी काढत नाहीये. तुम्ही ढकलताय."

मग चहा झाला. रेकॉर्डवरची धूळ मऊ ब्रशने कशी टिपायची ते त्याने मला शिकवलं. माझ्या मनगटाला बोटसुद्धा न लावता, नुसतं हवेत दाखवून. त्या न लावलेल्या बोटाचा मी दोन दिवस विचार करत राहिले. सारखी सारखी तक्रार करायला दुकानाचा नंबर नको म्हणून त्याने स्वतःचा दिला. नंतर तो सुटीच्या दिवशीही यायला लागला. आई त्याला सुईवाले म्हणायची आणि त्याच्या कपात साखर जरा जास्तच घालायची.

असाच एकदा तो निघाला, तेव्हा मी म्हणाले, "चला, मलाही ब्रेड आणायचाय."

"ब्रेड आहे घरात," आई म्हणाली.

"संपेल आता," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

पाऊस नुकताच थांबला होता. फुटपाथ ओला होता आणि झाडं अजून थेंब टाकत होती. मी त्याच्या उजव्या बाजूने चालत होते. सगळं धैर्य गोळा करून मी अगदी हळू म्हणाले, "तक्रार नसली तरी… येत जा ना तुम्ही."

तो समोर बघत चालत राहिला. हसला नाही, वळला नाही, काही बोलला नाही.

माझे कान तापले. झालं, मी मनात म्हणाले, माणूस नुसता सभ्य होता आणि आपण काय काय समजून बसलो. तेवढ्यात मागून सायकलची घंटी वाजली, अगदी जवळ. तो हलला नाही. मी त्याची बाही धरून ओढलं आणि सायकल आम्हाला घासून गेली. तो दचकला, हसला, आणि वळसा घालून माझ्या दुसऱ्या बाजूला आला. मान कलती करून त्याने विचारलं, "काही म्हणत होतात का?"

आणि मला कळलं. दिवसभर मी अशाच कलत्या माना बघते. चांगला कान पुढे करायची माणसांना इतकी सवय झालेली असते की आपण तसं करतो हे त्यांना माहीतही नसतं. ज्या मानेवर मी भाळले होते, ती प्रेमाने कलत नव्हती. उजव्या कानाने ऐकू येईना, म्हणून कलत होती. स्वतःला बाई समोर ऐकू याव्यात म्हणून तो उजवा स्पीकर पुढे पुढे ओढत होता, आणि आम्हा सगळ्यांसाठी त्यांना खिडकीकडे ढकलत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्याच नाकासमोर होता.

"काही नाही," मी म्हणाले. "ब्रेड… कुठला घ्यावा, ते म्हणत होते."

घरी येऊन मी स्वयंपाकघरात आईला सगळं सांगितलं. एकाच बाजूचा कान असा मंदावत जातो, तेव्हा त्यामागे काहीतरी असू शकतं. तपासायलाच हवं, आणि लवकर. पण त्याचं पोट कानांवर होतं, आणि अभिमानही.

"मी सांगितलं तर तो परत यायचा नाही, आई."

आईने गॅस बारीक केला. "नसेल यायचा. पण नाही सांगितलंस आणि तो रोज येत राहिला, तर त्याच्याकडे बघवेल तुला?"

मी त्याला माझ्या कामाच्या जागी बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी त्याला माझं जग दाखवायला बोलावलंय असं त्याला वाटलं असावं. काचेच्या खोलीत बसून त्याने हेडफोन चढवले, बटण हातात घेतलं आणि विचारलं, "पास झालो तर बाहेर चहा. नापास झालो तर?"

"तरी चहा," मी म्हणाले, आणि दार लावलं.

आधी डावा कान. मी आवाज बारीक बारीक करत गेले, आणि तो बटण दाबतच राहिला. इतका तल्लख कान मी फार थोड्यांचा पाहिला होता. दर वेळी तो काचेतून माझ्याकडे विजयी मुद्रेने बघायचा.

मग उजवा. मी आवाज सोडला. तो अंगठा बटणावर ठेवून वाट बघत होता. मी वाढवला. आणखी वाढवला. आमच्या कामात चेहरा कोरा ठेवायचा असतो, पेशंटला काही कळू द्यायचं नसतं, आणि तो तर थेट माझ्या चेहऱ्याकडेच बघत होता. हसून. थोड्या वेळाने तो भुवया उंचावून म्हणाला, "करा ना सुरू."

मी मान खाली घातली. नोंदी करतेय असं दाखवलं. पण त्याला चेहरे वाचता येत असावेत. मी वर पाहिलं तेव्हा त्याचं हसू गेलं होतं.

बाहेर आल्यावर मी सगळं सरळ सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"त्या दिवशी. रस्त्यावर."

"आणि बाई खरंच खिडकीपाशी होत्या?"

"हो."

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "किती घरांत मी हे करून आलोय. लोक वा वा करत होते… मला वाटायचं, माझ्या कानांना दाद देतात." तो उठला. चहाचं त्याला आठवलं नाही, आणि मी आठवण केली नाही.

पुढे डॉक्टरांच्या तपासणीत कानाच्या मज्जातंतूवर गाठ निघाली. साधी होती, पण वाढत होती. काढावी लागणार होती आणि तिच्याबरोबर त्या कानाचं ऐकणंही जाणार होतं. हे त्याने बाबांना फोन करून कळवलं. मला नाही. ऑपरेशन झाल्यावर बाबा त्याला भेटून आले. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "बरा आहे. तुझं नाव काढलं की भिंतीकडे बघतो."

मला राग आला नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. आला. मी त्याचं भलंच केलं होतं, आणि भलं करणाऱ्याला बक्षीस म्हणून भिंत मिळाली होती. रात्री राग मावळायचा आणि नुसता तो माणूस उरायचा. बाबांनी त्या दिवसांत एकही रेकॉर्ड लावली नाही. स्पीकर आपणच मागे सरकवू या, असं मी एकदा म्हणाले, तर बाबा म्हणाले, "ज्याने मांडलंय त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

मग एका दुपारी तो दारात उभा राहिला. उतरलेला, केस बारीक कापलेले, उजव्या कानामागे लाल वण. अजून चालताना तोल जायचा, म्हणून भिंतीला हात लावत लावत आत आला. आईने नेहमीसारखाच चहा ठेवला आणि बाबांना आत बोलावून घेतलं. बाबांना आत काही काम नव्हतं, तरी ते गेले.

"बसा खुर्चीत," तो मला म्हणाला. "तुम्ही सांगा, मी सरकवतो."

त्याने रेकॉर्ड लावली. मी सांगत गेले. थोडं मागे. अजून. नाही, जास्त झालं. तो गुडघ्यांवर बसून तो जड स्पीकर केसाकेसाने हलवत होता, आणि गाणं त्याला आता एकाच बाजूने, सपाट, येत होतं हे मला माहीत होतं. बाई हळूहळू खिडकी सोडून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेव्हा त्याला न सांगताच कळलं की झालं.

"मी तुमच्यावर रागावलो नव्हतो," तो जमिनीवरच बसून म्हणाला. "मला लाज वाटत होती. ज्या मुलीसमोर आपण मिरवतो, तिनेच आपलं… आणि मग वाटलं, आता तुम्ही माझ्याकडे तपासणीच्या कागदावरच्या रेघेसारखं बघणार."

"मी तुमच्याकडे कसं बघते ते तुम्हाला दिसत नव्हतं का? कान गेला होता, डोळे नाही."

आल्यापासून तो पहिल्यांदा हसला. मग गंभीर झाला. "मला काम सोडायचं नाही. एक विचार केलाय मी… तुम्ही माझ्याबरोबर येत जा. सुटीच्या दिवशी. हात माझे, कान तुमचे. दोघं मिळून लोकांची घरं जुळवू."

किती सुंदर वाक्य होतं. हो म्हणायला जीभ अगदी टोकाशी आली होती. पण त्याच्या बोलण्यात कुठेतरी माझ्यापेक्षा माझे कान पुढे उभे होते, आणि ते मला सहन झालं नाही.

"नाही," मी म्हणाले. "आवाज मोजायची यंत्रं मिळतात. तुमच्या धंद्यातले बाकीचे लोक वापरतात. तुम्हीही वापरा. कानांची गरज म्हणून मला नेऊ नका. उद्या यंत्र घेतलंत, की माझं काम संपेल."

रेकॉर्ड संपली होती, आणि सुई मधल्या कोऱ्या भागात नुसती फिरत होती. त्याने हात टेकून उठायचा प्रयत्न केला, तोल गेला, पुन्हा टेकला, आणि शेवटी स्पीकरला धरून उभा राहिला.

"यंत्र घेतो," तो म्हणाला. "उद्याच घेतो. तू मात्र ये."

मी खुर्चीतून उठले, त्याच्या डाव्या बाजूला गेले आणि हो म्हणाले.