उजवीकडचा आकडा

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कोलकात्याच्या बेहाल्यातल्या एकाही गॅरेजात कुणी पान्याला हात लावत नाही. हत्यारं धुऊन-पुसून, झेंडू वाहून देवापुढे मांडलेली असतात, गल्लोगल्ली भोंगे चालू असतात आणि वर आकाश पतंगांनी भरलेलं असतं. देवयानी दिघे इथेच लहानाची मोठी झाली, इथेच वडिलांचं गॅरेज चालवू लागली. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिच्या घरी हत्यारं पुजायची ती खंडेनवमीला. आजोबा नागपूरहून इकडे आले, तेव्हा ही रीत सोबत घेऊनच आले होते. म्हणून श्यामसुंदर ड्रायव्हर हात जोडून दारात उभा राहिला, तेव्हा तिने फुलं बाजूला सारली आणि टॉर्कचा पाना उचलला.

"दीदी, आज नको," सुरेश मिस्त्री म्हणाला. "विश्वकर्मा बाबा रागावतील."

"आमच्या हत्यारांना खंडेनवमीपर्यंत सुट्टी नसते, सुरेशदा."

"हत्यारं बेहाल्यात राहतात, दीदी. नागपुरात नाही," असं पुटपुटत तो प्रसादाच्या खिचडीकडे वळला.

श्यामसुंदरची अडचण खरी होती. दुपारपर्यंत बजबजच्या डेपोत ट्रक लागला नाही, तर मालक गाडी दुसऱ्याच्या हाती देणार होता. पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं काम आदल्या दिवशीच झालं होतं. पाटे आणि ॲक्सल एकत्र बांधणारे यू-बोल्ट आवळायचे, एवढंच उरलं होतं.

आणि घोडं तिथेच अडलं होतं. या बोल्टचा नट सैल राहिला तर पाटे सरकतात आणि गाडी भलतीकडे ओढते. फाजील आवळला तर बोल्ट ताणला जातो आणि भर रस्त्यात तुटतो. म्हणून प्रत्येक नटाला जोराचा आकडा ठरलेला असतो. तो पान्यावर लावायचा, तेवढा जोर पडला की पाना 'टक्' करतो. टक् झालं की थांबायचं. पण या ट्रकला मालकाने दुसऱ्याच मॉडेलचा ॲक्सल बसवला होता. ट्रकचं पुस्तक साडेतीनशे सांगत होतं, ॲक्सलचा तक्ता चारशे वीस. मग खरा कोणता?

देवयानीने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला.

"ॲक्सल बदललेला आहे," तिने हिंदीत सांगितलं. "पुढच्या यू-बोल्टचा टॉर्क हवा होता."

"सांगतो, बाळ." उत्तर मराठीत आलं. आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा होता. शेवटच्या बाकावरच्या पोराला समजावून सांगावं, तसा सावकाश. "डावीकडे चारशे वीस. उजवीकडे तीनशे दहा."

"दोन्हीकडे वेगळा कसा? पाटे सारखेच आहेत."

"पाटे सारखे आहेत. वजन सारखं नाही. डावीकडे दोघं बसतात."

"टॉर्क बोल्टच्या जाडीवर ठरतो, वजनावर नाही," देवयानी म्हणाली. "आणि दोघं कुठले? क्लीनर गावी गेलाय. ड्रायव्हर एकटा आहे, तो उजवीकडे बसतो."

पलीकडे मागे कुठेतरी कुणीतरी नट आवळत होतं. टक्. टक्.

"उजवीकडे तीनशे दहा पुरे," आवाज समजुतीने म्हणाला. "तिकडे कुणी नाही."

फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला; नुसता वाजत राहिला. म्हातारा दुसऱ्याच गाडीचं बोलत असणार, असं तिने स्वतःला बजावलं. बोल्टची जाडी मोजली, हिशेब केला आणि दोन्हीकडे तीनशे ऐंशी लावून सगळे नट आवळले. प्रत्येक नटाला पाना नेमका वाजला.

जॅक काढला, तशी गाडी डावीकडे बोटभर झुकली.

देवयानीने चाकांतली हवा पाहिली. जमीन पाहिली. पाटे मोजले. सगळं सारखं. डावीकडच्या सीटवर श्यामसुंदरच्या गमछ्याखेरीज काही नव्हतं.

"भैया, जरा वर बसा."

श्यामसुंदर अंगाने आडवा माणूस. त्याने पायरीवर पाय दिला, दांडी धरून चढला, धपकन सीटवर बसला. देवयानी मोजपट्टी लावून उजव्या पाट्यापाशी उकिडवी बसली होती. पट्टीवर गाडी केसभरही दबली नाही.

"उतरा. परत चढा. जोरात."

पायरी करकरलीसुद्धा नाही.

"माझं वजन बघता काय, दीदी?" तो वरून हसला. "घरवाली म्हणते फार वाढलंय."

तिला हसू आलं नाही. त्याला खाली उतरवून तिने सगळे नट सोडले आणि पान्यावर आकडे लावले. डावीकडे चारशे वीस. उजवीकडे तीनशे दहा.

गाडी पाण्यासारखी सपाट उभी राहिली.

"झालं!" श्यामसुंदरने टाळी वाजवली. "आता निघतो."

देवयानीने गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली.

"गाडी जाणार नाही."

"अहो दीदी, आता तर सरळ उभी आहे!"

"म्हणूनच नाही."

तो चिडला, मग रडकुंडीला आला. पोरांची नावं घेऊ लागला. तिने त्याच्यासमोरच मालकाला फोन लावला. चूक माझी आहे, बोल्ट चुकीचे बसले, उद्या नवे घालून देते, तोवर ड्रायव्हर बदलू नका. मालक कुरकुरला, पण शेवटी कबूल झाला. श्यामसुंदर फुरंगटून दारातल्या लांब बाकावर, कडेला जाऊन बसला. सुरेशने त्याच्या हातात खिचडीचं पान दिलं. पहिले दोन घास त्याने रागात गिळले. मग भूक जिंकली.

देवयानीने भिंतीला पाठ टेकली. माणूस समोर होता, जेवत होता. तिने पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

ट्रकची डावी बाजू किंचित वर आली.

थांबली.

मग आणखी किंचित वर आली.

अंगणात ट्रकपाशी कुणी नव्हतं. भोंग्यावरचं गाणं संपून दुसरं अजून लागायचं होतं.

बाकावर श्यामसुंदरने पान उचलून मांडीवर घेतलं आणि खाता खाता, मान वर न करता, कुणाला जागा करून द्यावी तसा तो थोडा आत सरकला.

मग आणखी थोडा.